जमीन करमदीनची, घर आमचं

२ जून, सोमवार

हिमानी फोनवर चिडली. "आई, तू रोज तेच सांगतेस आणि रोज त्यात काहीतरी नवीन घालतेस. ऑफिसात असं चालत नाही. जसं घडलं तसं लिहून ठेव." पोरगी जम्मूला नर्सिंग शिकते, तिला आता आईला शिकवायचा हक्क आहे. म्हणून लिहिते.

पहाडात, सीमेलगतच्या धारगलीतलं आमचं घर मे महिन्यात तोफेच्या गोळ्याने गेलं. पुढची भिंत आणि अंगणातला नळ, एवढंच उभं राहिलं. सीमेपलीकडून मारा सुरू झाला तसे आम्ही दोघं शेजारच्या करमदीनभाईच्या गोठ्यात जाऊन बसलो. त्याचा गोठा उतारावर खाली, निम्मा जमिनीत आहे. तो, त्याची बायको, मुलगा शौकत, म्हशी आणि आम्ही. मधेच यशवंत उठून परत घराकडे गेले, कारण गिऱ्हाइकांचं सोनं घरातल्याच दुकानाच्या खणात राहिलं होतं. पुरचुंडी घेऊन अंगणात आले आणि गोळा पडला. धुरळ्यातून चालत आले. अंगावर ओरखडा नाही! सोनं ज्याचं त्याला नंतर पोचतं केलं.

यशवंत म्हणजे माझे मिस्टर. जन्मभर नाव घेतलं नाही, पण गेल्या महिन्यात इतक्या कागदांवर लिहिलं की आता लाज मोडली.

आता आम्ही बुऱ्हाणपूरला, माझ्या प्रभाकरदादाकडे, बुधवारा पेठेतल्या घरात माडीवर राहतो. याच गल्लीत एके काळी यशवंतांच्या घरी सोन्याचांदीची तार ओढायचं काम चालायचं. ते काम बसलं, तेव्हा यशवंत जुनं सोनं गाळून शुद्ध करण्याचं काम शिकले आणि मामाच्या ओळखीने थेट पहाडात गेले. लग्न होऊन मीही गेले. हिमानी तिथलीच. आख्ख्या धारगलीत मराठी घर एकच, आमचं.

९ जून, सोमवार

नुकसानभरपाईची यादी लागली. शौकतने तहसिलीच्या भिंतीवरच्या कागदाचा फोटो हिमानीला पाठवला, तिने मला. आमचं घर यादीत आहे. मालक: करमदीन. पुढच्या रकान्यात यशवंतांचं नाव आणि त्यापुढे दोन शब्द: "बाहरी किरायेदार".

मी ते मोठं करून करून पाहिलं.

हे असं का झालं ते लिहिते. आम्ही घर बांधलं तेव्हा तिकडे परक्या राज्यातल्या माणसाला जमीन घेता येत नव्हती. करमदीनभाईने शेताच्या कडेची जागा दिली. म्हणाला, "ज़मीन मेरी, मकान तेरा. बात ख़त्म." कागद झाला नाही, होऊच शकत नव्हता. भाड्याचा एक पैसा त्याने कधी घेतला नाही, आम्ही कधी दिला नाही. दगड, लाकूड, पत्रा सगळं आमच्या कमाईचं.

किरायेदार एक वेळ सोसलं असतं. पण बाहरी? माझी पोरगी त्या मातीत रांगली. तिथल्या बायकांची बाळंतपणं मी केली.

दादा म्हणाला, "सुशी, करमदीन भला माणूस आहे म्हनते ना तू? मंग गुपचूप त्याच्याकडून पैसे घेऊन घे. कायले नाव काढते कागदाचं?"

करमदीनभाईचा फोनही आला होता. पहिला हप्ता त्याच्या खात्यात पडला आहे. "आपका है भाभी, ले जाओ." मी म्हटलं, थांबा. तुम्ही दिलेत तर ते तुमचं देणं होईल. सरकारचं देणं सरकारने द्यावं, आमच्या नावाने.

 तो म्हणाला, "जैसी आपकी मर्ज़ी." आवाज दमलेला वाटला. म्हातारा झाला आहे.

१४ जून, शनिवार

घरामागे पॉवरलूम आहेत. दिवसभर खटखट खटखट. पहिल्या रात्री मी दोनदा उठून बसले, मला वाटलं पुन्हा मारा सुरू झाला. यशवंत मात्र लेकरासारखे झोपतात. आज गल्लीत वरात आली, दारातच फटाक्यांची माळ लावली. माझ्या हातातलं ताट पडलं. हे केळ्याचे वेफर खात बसले होते, मान वर केली नाही. एवढं सोसूनही माणूस खंबीर. मला त्यांचा अभिमान वाटला.

फक्त बोलत नाहीत. मी काही विचारलं की हसतात आणि भलतंच उत्तर देतात. मनात घर घेऊन बसलेत, दुसरं काय.

८ जुलै, मंगळवार

आज जनसुनवाईला, म्हणजे साहेब लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे गेले. यशवंतही आले पण मागे उभे राहिले. सगळीकडे मलाच पुढे ढकलतात.

टेबलावरचा बाबू म्हणाला, "मैडम, ये दूसरे राज्य का मामला है. इसमें हम क्या करें?"

मी म्हटलं, "भाऊ, तिथे गेले तर म्हणतात तुम्ही बाहेरच्या, आपल्या राज्यात जा. इथे आले तर तुम्ही म्हणता तिकडे जा. मग मी मधल्या रेल्वेस्टेशनावर अर्ज करू का?"

रांगेतली माणसं हसली. मी हसवायला बोलले नव्हते. खुर्ची घेतली आणि तिथेच बसले. म्हटलं, अर्ज घेतला अशी सही द्या, उठते. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "ही तर काश्मीरवाली." म्हणजे इथेही मी बाहेरचीच!

जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांनी स्वतः बोलावलं. तरुण मुलगा आहे, शांतपणे ऐकून घेतलं. अर्ज तिकडच्या कार्यालयाला पाठवतो म्हणाला, आणि सुनावणी लागली तर इथूनच व्हिडिओवर बोलता येईल, एवढ्या लांब जायला नको. बाहेर आल्यावर मी यशवंतांना म्हटलं, "ऐकलंत ना साहेब काय म्हणाले?" ते म्हणाले, "हो, जेवूनच जाऊ."

१९ जुलै, शनिवार

भांडण झालं. इतवाऱ्यातल्या एका सराफाने यशवंतांना कामावर बोलावलं होतं. जुनी ओळख, सावलीतलं काम, मोड, म्हणजे मोडीत आलेले जुने दागिने, पारखायची. हे गेले आणि अर्ध्या तासात परत. "जमणार नाही," एवढंच.  मी खूप बोलले. भावाच्या घरी किती दिवस खायचं, असंही बोलले. मालूवहिनीने ऐकलं असणार. तिने संध्याकाळी मुद्दाम त्यांच्या आवडीचे शेवभाजी-पराठे केले आणि स्वतः वाढले.

त्याआधी दुपारी दोघं रागातच बाजारातून परत येताना एक ई-रिक्शा मागून भोंगा वाजवत होती. हे रस्त्याच्या मधून हटेनात. रिक्शावाल्याने शिवी दिली. मी त्याला असं सुनावलं की त्याने रिक्शा वळवूनच नेली.

३ ऑगस्ट, रविवार

वहिनीचा भाचा रितेश आला होता. तो मोबाइलवर बातम्यांचं चॅनल चालवतो, इतवाऱ्यात त्याचं दुकानवजा ऑफिस आहे. गोड बोलतो. "आत्या, तुमची स्टोरी मी उठवतो. दोन दिवसांत फाइल हलेल." मी सगळं सांगितलं, त्याने रेकॉर्ड केलं. शेवटी म्हणाला, "आता एकच वाक्य बोला. सांगा की करमदीनने आमचं घर गिळलं."

मी म्हटलं, त्याने गिळलं नाही.

"अहो आत्या, पैसे त्याच्या खात्यात गेले ना? मग झालं तर. लोकांना सीधी बात पाहिजे. ते लोक असेच असतात म्हटलं की बघा कसा व्हिडिओ चालतो."

मी उठून दार उघडलं आणि दाराशी उभी राहिले. त्याला कळायला वेळ लागला. मग चप्पल घालून गेला. वहिनी नाराज झाली, तिच्या माहेरचा माणूस. पण मी तरी काय करणार?

७ ऑगस्ट, गुरुवार

रितेशने तरीही व्हिडिओ टाकला. माझाच चेहरा, माझाच आवाज. "पैसे त्यांच्या खात्यात गेले," इथे कापलंय. ते त्याने आम्हाला देऊ केले, हे पुढचं वाक्य नाही. वर लाल अक्षरांत नको ते लिहिलंय.

तो धारगलीपर्यंत पोचला. शौकतचा फोन आला. ज्या पोराला मी अंकलिपी शिकवली तो म्हणाला, "चाची, आपको पता भी है यहाँ क्या हो रहा है?"

मग जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या घराचीही मागची बाजू त्याच रात्री तडकली होती, आम्ही निघून आल्यावर पहिल्या पावसात ती कोसळली. त्याचा अर्ज नामंजूर झाला. कारण? करमदीनच्या नावाने एका घराची भरपाई आधीच मंजूर आहे, एका माणसाला दोनदा मिळत नाही. म्हणजे आमच्या घरापायी त्यांचं घर बुडालं. जूनपासून ती माणसं ताडपत्रीखाली आहेत आणि म्हातारा मला म्हणत होता, आपका है, ले जाओ.

"अब्बा ने मना किया था आपको बताने से," शौकत म्हणाला. "और आपने ये वीडियो दिया." फोन ठेवला. त्यानंतर करमदीनभाईला फोन लागत नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळीच रितेशच्या दुकानात गेले. तो म्हणाला, डिलीट करतो, दुपारी करतो. मी स्टूल ओढून दारात बसले. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, "थांबा, आधी माझं." चहा दिला, मी घेतला नाही. रितेशने दादाला फोन लावला. दादा आला. मला वाटलं मला न्यायला आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, रितेशकडे पाहिलं आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला. म्हणाला, "फोपनारच्या मळ्यातून केळ्याची गाडी तीन वाजता निघते. तोवर मले वेळच वेळ आहे."

व्हिडिओ निघाला. पण तेवढ्याने भागत नव्हतं. मी म्हटलं, आता मी बोलते ते न कापता टाक. बोलले: घर आमचं, जमीन करमदीनभाईची, त्याने आम्हाला जागा दिली आणि त्या रात्री गोठाही दिला. आमचं घर त्याच्या नावावर लिहून सरकारने दोघांचीही घरं बुडवली. ज्याने पहिला व्हिडिओ केला त्याने माझं बोलणं अर्धं दाखवलं, तोच आत्ता मोबाइल धरून समोर उभा आहे.

रितेशने तो टाकला. पहिल्यापेक्षा फार कमी लोकांनी पाहिला.

२४ ऑगस्ट, रविवार

काल हिमानी आली. आज मला कळलं ते लिहायला हात उचलत नाही.

ती बापाच्या मागे उभी राहून "पप्पा" म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "आई, हे कधीपासून?" मी म्हटलं, काय कधीपासून?

दवाखान्यात नेलं. एका कानाचा पडदा पूर्ण फाटलेला, दुसऱ्यात थोडं शिल्लक. डॉक्टर म्हणाले, लगेच आला असता तर काही करता आलं असतं. अंगणात गोळा पडला तेव्हापासून. आणि मी लिहून ठेवलंय, ओरखडा नाही!

घरी येऊन मी पाटीवर लिहिलं, का सांगितलं नाही? ते म्हणाले, फार मोठ्याने म्हणाले, आता त्यांना आपला आवाज कळत नाही, "तू घरासाठी पळत होतीस. त्यात माझं कुठे घालू?" मग सराफाचं सांगितलं. चांदी फरशीवर टाकली की तिचा नाद ऐकून ते खोट सांगायचे. सराफाने नाणं टाकलं. यांना नाणं पडताना दिसलं, फक्त दिसलं. पुढे थांबवेना.

मी त्यांना ऐतखाऊ म्हटलं होतं. ते ऐकू गेलं नाही, एवढंच बरं.

हिमानीने कानाच्या दुखापतीचाही अर्ज केला. मी म्हटलं, कर. एक का, दहा कर.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सुनावणी झाली. सगळं नीट लिहिते.

इथल्या ऑफिसात मोठ्या पडद्यासमोर मी आणि यशवंत. पडद्यावर तिकडचे अधिकारी, शेजारी रिकामं बाक. करमदीनभाईला बोलावलं होतं, पण व्हिडिओनंतर तो येईल असं मला वाटत नव्हतं. दीड महिना फोन नाही. मी त्या बाकाकडेच पाहत होते.

अधिकारी घाईत होते. म्हणाले, "देखिए, किरायेदार को घर के सामान की मदद मिलती है. आप उस पर दस्तखत कर दीजिए, आज ही हो जाएगा."

मी म्हटलं, "दस्तखत करेन तर किरायेदार होईन. मी नाहीये." साहेबांनी मराठी कळत नाही म्हटल्यावर हिंदीत सांगितलं, "नहीं करूँगी."

"फिर शायद कुछ भी न मिले."

"न मिले."

तेवढ्यात पडद्यात दार उघडलं. करमदीनभाई आला. काठी टेकत, शौकतच्या आधाराने, मागे गावातली चारपाच माणसं. बाकावर बसला नाही. म्हणाला, "जनाब, बस ख़राब हो गई थी, पैदल आए. लिखिए. ज़मीन मेरी, मकान इनका."

"तो पैसा आपके खाते में कैसे आया?"

"आपने डाला. मैंने छुआ नहीं."

"कोई लिखा-पढ़ी?"

"लिखा-पढ़ी करते तो उस ज़माने में हम दोनों को आप ही अंदर करते."

अधिकाऱ्यांना हसू आलं, पण त्यांनी मान हलवली. कागदाशिवाय तोंडी गोष्टीवर नाव कसं बदलणार, नियम आहे, वगैरे. मी पाटीवर यशवंतांसाठी लिहिलं: कागद मागतात. किरायेदारच ठेवणार.

यशवंत उठले. त्यांनी बोलायचं ठरलंच नव्हतं. इतक्या मोठ्याने बोलले की बाहेरचा शिपाई आत आला.

"साहब, मैं सुनता नहीं, इसलिए बीच में मत बोलना. मैं किरायेदार हूँ तो मेरा मालिक बताओ! ये पूरा गाँव खड़ा है. कोई एक आदमी बोल दे कि इसने मुझे किराया दिया. एक महीने का बोल दे!"

साहेब "सुनिए, सुनिए" म्हणत होते. यांना कुठलं ऐकू यायला! "वो देवदार की कड़ी नाले से इसी शौकत के दादा ने मेरे साथ कंधे पर उठाई. रसोई की दीवार दो बार गिरी, तीसरी बार इसकी माँ ने मिट्टी गूँथी. पूछो उसको. बाहरी हूँ? वो गोला तो मुझे घर के आँगन में मिला!"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नेमकं किती बोललो याचा अंदाज घेत, आणि बसले.

 मग पडद्यावर मागच्या माणसांतली एक बाई, आमच्या वरच्या वळणावरची, पुढे आली. म्हणाली, "जनाब, ये इन्हीं का घर था. हम सब गवाह हैं. अंगूठा कहाँ लगाना है?"

अधिकाऱ्यांनी पेन बंद केलं आणि पुन्हा उघडलं. जागेवर जाऊन नव्याने पंचनामा करायचा हुकूम लिहिला, दोन्ही घरांचा, वेगवेगळा. जाताना करमदीनभाई कॅमेऱ्याजवळ आला, त्याची नुसती दाढी आणि डोळे दिसत होते. "भाभी," म्हणाला, "दूसरा वाला वीडियो भी देखा था. फ़ोन इसलिए नहीं लगा कि शौकत ने ग़ुस्से में हमारी सिम फेंक दी थी."

मी तिथेच, सरकारी ऑफिसात, ढसाढसा रडले.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. काही उत्तर नाही. दोन स्मरणपत्रं पाठवली.

३ डिसेंबर, बुधवार

हुकूम आला. करमदीनच्या घराची मदत वेगळी मंजूर. आमच्या घरापुढे यशवंतांचं नाव, आणि त्यापुढे "गृहस्वामी". ते दोन शब्द काढले. मी दादाला तीनदा वाचून दाखवलं, वहिनीला एकदा. तिने देवापुढे ठेवायला मागितलं. मी म्हटलं, आधी झेरॉक्स काढते.

कानाचा अर्ज मात्र नामंजूर. दुखापतीचा दाखला लगेच घेतला नाही म्हणून. म्हणजे माणसाने आधी दवाखान्यात जायला हवं होतं, मग घराच्या ढिगाऱ्यातून चपला शोधायला. अपील उद्याच टाकते. हिमानीने मसुदा पाठवलाय, फार सौम्य आहे. मी बदलते.

हुकमात शेवटी एक ओळ आहे: जमीनमालकाची संमती असेल तरच त्याच जागी बांधता येईल. शौकतच्या नव्या नंबरावर फोन केला. करमदीनभाई म्हणाला, "सहमति? आपके पत्थर तो मैंने अलग रखवा दिए, कोई उठा न ले जाए. पहरा देते-देते मेरी टाँग टूटने से पहले आ जाओ."

२२ फेब्रुवारी, रविवार

आज रात्रीच्या झेलम एक्सप्रेसने निघतो. बर्फ उतरला की पाया खणायचा. मी यशवंतांना पाटीवर विचारलं होतं, नक्की जायचं? इथेही राहता येईल. त्यांनी पाटी घेतली आणि काही न लिहिता माझ्याकडे परत दिली. पिशव्या भरायला लागले. नवं श्रवणयंत्र कानात आहे, त्यातून आवाज येतो पण फाटका, म्हणतात. ट्रेनचा येईल.

दादाने केळीचा घड दिलाय, धारगलीपर्यंत काळा पडेल, पण नाही कसं म्हणू?

वहिनी दुपारभर सामान बांधत होती. शेवटी विचारलंच, "ताई, एक सांगा. तिथं पुन्हा गोळे पडले तं?"

"तर पुन्हा अर्ज करीन."

वहिनी माझ्याकडे पाहत राहिली. मोठ्या बॅगेची चेन लागत नव्हती. मग तिने बॅगेवर गुडघा रोवला, दात आवळले आणि ती ओढून लावली.